टायरचा चुरा घातलेले काँक्रीट कुठे चालते आणि कुठे नाही

प्रश्न असा आहे: दोन मजली घर पर्यावरणपूरक व्हावे म्हणून स्लॅबच्या २५ मेगापास्कल (दाबातल्या ताकदीचे माप) ताकदीच्या काँक्रीटमध्ये ३० टक्के वाळूऐवजी जुन्या टायरचा चुरा घालायचा आहे. ताकद घटते असे ऐकले आहे, तर सिमेंट थोडे वाढवून ती भरून काढता येईल का? आणि चुरा आधी कॉस्टिक सोड्यात धुवून घ्यावाच लागतो का?

आधी उत्तर सांगतो, कारणे मागाहून. स्लॅबमध्ये घालू नका. त्याच आवारात पायवाट, अंगणातली फरशीखालची पीसीसी (सळई नसलेले साधे काँक्रीट), भार न घेणारे ब्लॉक अशा जागा आहेत, तिथे खुशाल घाला, पण ३० टक्के नव्हे. सिमेंट वाढवून तूट भरायचा विचार सोडून द्या, कारण त्यात ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच हातचे जाते. सोड्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

सुरुवात तुमच्या ३० टक्क्यांपासून करू. हे ३० टक्के वजनाने की आकारमानाने? प्रश्नात लिहिलेले नाही, आणि साइटवर ही गोष्ट बहुतेक वेळा कोणी विचारतही नाही. वाळूची सापेक्ष घनता २.६५ च्या आसपास असते, रबराची १.१ ते १.२. एका घनमीटर काँक्रीटला ७०० किलो वाळू धरली तर तिची जागा साधारण २६४ लिटर. तिचे ३० टक्के म्हणजे ७९ लिटर, आणि तेवढी जागा भरायला रबर लागते ९१ किलो. आता तुमच्या माणसाने २१० किलो वाळू काढून वजनाला वजन म्हणून २१० किलो रबर टाकले, तर ते १८३ लिटर जागा व्यापते. म्हणजे वाळूच्या जागेचा जवळजवळ ७० टक्के भाग. शिवाय शंभरेक लिटर माल जास्तीचा तयार झाला, त्यामुळे घनमीटरमागे सिमेंट आपोआप कमी पडले. असे काँक्रीट नापास झाले की दोष रबराला दिला जातो. रबर घातलेल्या मालाचे जे वाईट अहवाल माझ्यासमोर आले, त्यातल्या निदान काहींचे मूळ या गोंधळात होते. म्हणून पहिला नियम: बदल आकारमानाने ठरवायचा आणि तोलताना त्याचे वजन काढून तोलायचे.

हिशेब बरोबर केला तरी ताकद घटतेच, आणि का घटते ते कळल्याशिवाय उपाय सापडत नाही. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक (भाराखाली न वाकण्याचा ताठपणा) २५-३० हजार मेगापास्कल असतो, टायरच्या रबराचा जेमतेम काही मेगापास्कल. भार आला की खडी आणि सिमेंटचा गारा मिळून तो पेलतात, रबराचा कण बाजूला होतो. भाराच्या दृष्टीने तिथे पोकळीच आहे असे धरा. त्यात रबर दाबले की आकारमानाने आटत नाही, बाजूला फुगते, आणि भोवतीच्या गाऱ्यात ताण निर्माण करते. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. पहिल्या बारीक भेगा नेमक्या या कणांच्या कडेने निघतात. वर कण आणि सिमेंट यांची पकडही सैल, कारण रबराला पाणी आवडत नाही आणि टायर बनवताना वापरलेल्या झिंक स्टिअरेटसारख्या पदार्थांचा बुळबुळीत थर त्याच्या पृष्ठभागावर असतो.

हे काही नवे ज्ञान नाही. १९९३ साली एल्डिन आणि सेनूसी यांनी टायरचे तुकडे खडी आणि वाळूच्या जागी घालून केलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. सगळी खडी काढून रबराचे जाड तुकडे घातले तेव्हा दाबातली ताकद सुमारे ८५ टक्क्यांनी घटली. बारीक चुरा वाळूच्या जागी घातला तेव्हा सुमारे ६५ टक्क्यांनी. जाड तुकडे बारीक चुऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतात, हा त्यातला कामाचा धडा. पुढे १९९९ मध्ये खातिब आणि बायोमी यांनी एकूण खडी-वाळूच्या आकारमानाच्या २० टक्क्यांपुढे रबर जाऊ नये असे सुचवले. माझी मर्यादा त्याहून कडक आहे: फक्त वाळूच्या जागी, आणि वाळूच्या १० टक्क्यांपर्यंत. १० टक्क्यांना ताकदीत साधारण १० ते २० टक्के घट धरून मी चालतो. २० टक्क्यांना एक चतुर्थांशाहून जास्त घट दिसली तरी आश्चर्य वाटत नाही.

पण याच अहवालांत एक गोष्ट दडलेली असते, ती मला बरीच वर्षे उमगली नव्हती. घटीतला बराचसा भाग रबराचा नसून हवेचा असतो. पाण्याला दूर सारणारा खडबडीत कण गाऱ्यात शिरताना अंगाला हवेचे बुडबुडे चिकटवून घेऊन येतो. काँक्रीटमध्ये हवा एक टक्क्याने वाढली की ताकद सुमारे पाच टक्क्यांनी उतरते, हा प्रयोगशाळेतला जुना ठोकताळा. चुऱ्याने हवा तीन-चार टक्क्यांनी वाढली तर पंधरा-वीस टक्के तिथेच गेले, आणि त्याचा रबराच्या मऊपणाशी काही संबंध नाही. ही घट टाळता येते. ओल्या मालाची हवा मोजा आणि एकक वजन (ठरावीक आकारमानाचे वजन) घ्या. हिशेबाने यायला हवे त्यापेक्षा वजन कमी भरले तर आधी हवेकडे बघा. फेस मारणारे ऍडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचे रसायन) मिळते, ते थोड्या प्रमाणात घातले तर फरक पडतो. चुरा आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवणे हा तर बिनखर्ची उपाय. २४ तास भिजवा, मधूनमधून ढवळा, वर तरंगणारी धूळ आणि कापडाचे धागे काढून टाका, पाणी निथळू द्या आणि कण ओलसर असतानाच मिक्सरमध्ये घाला. चुऱ्यासोबत आलेले पाणी मात्र मिश्रणाच्या पाण्यातून वजा करायला विसरू नका.

आता कॉस्टिक सोडा. २००० साली सेग्रे आणि जोकेस यांनी टायरची पूड सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून, धुवून वापरली आणि सिमेंटशी पकड सुधारल्याचे दाखवले. तेव्हापासून रबर-काँक्रीटचा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी-प्रकल्प सोड्याच्या बादलीपासून सुरू होतो. माझा अनुभव संमिश्र आहे. काही चुऱ्यांवर फरक दिसतो, काहींवर नुसत्या पाण्याने धुतल्याइतकाच. कारण उघड आहे: पृष्ठभागावर काय चिकटले आहे, टायर कुठल्या जातीचे होते, चुरा कसा दळला, यावर सगळे अवलंबून. आणि सोडा नीट धुतला गेला नाही तर काँक्रीटमधला अल्कली वाढतो. तुमची खडी अल्कलीशी अभिक्रिया करणारी असेल तर काही वर्षांनी फुगून तडे जाण्याची सोय तुम्ही स्वतःच करून ठेवली. धुतलेले पाणी उदासीन होईपर्यंत चुरा धुवायचा, ते अल्कलीचे पाणी कुठे सोडायचे याचा विचार करायचा, मजुरांना हातमोजे आणि चष्मे द्यायचे. प्रयोगशाळेत अर्धा किलो चुऱ्याला हे ठीक आहे. साइटवर तीनशे किलोला मी ते करत नाही. त्यापेक्षा चुरा पाण्याऐवजी पातळ सिमेंटच्या राबडीत आधी घोळवून घ्या. कणांवर सिमेंटचा थर बसतो आणि पकड सुधारते. सिमेंटचा हा वाटा मिक्स डिझाइनमधल्या (मिश्रणाच्या ठरलेल्या प्रमाणातल्या) सिमेंटमधूनच काढायचा, वेगळा नाही.

स्लॅबला माझा विरोध फक्त दाबातल्या ताकदीमुळे नाही. ३० टक्के रबराने स्थितिस्थापकता गुणांकही चांगलाच उतरतो, आणि स्लॅबची झोळ त्यावरच ठरते. क्यूब (ताकद तपासायला भरलेला काँक्रीटचा ठोकळा) पास झाला तरी स्लॅब जास्त वाकेल, वरची फरशी निघेल, भिंतीला तडे जातील. सळई आणि काँक्रीटची पकड कमी होते. सुकताना होणारे आकुंचन वाढते, कारण खडी-वाळू गाऱ्याला आवळून धरते तसे रबर धरत नाही. आणि घर म्हटले की आगीचा विचार आला. रबर ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित होऊ लागते आणि धूर सोडते. गाऱ्यात गाडलेले असल्याने ते टायरसारखे पेटत नाही, हे खरे. काही चाचण्यांत तर कण जळून गेल्यावर राहिलेल्या पोकळीतून वाफ निसटल्याने काँक्रीटच्या चिपा उडणे कमी झाल्याचेही दिसले आहे. तरी माणसे राहतात त्या छतात धुराचे साहित्य आपणहून कशाला भरायचे?

मग सिमेंट वाढवून ताकद मिळवली तर? मिळते. पण हिशेब बघा. रबर वाळूची जागा घेते, सिमेंटची नाही, आणि काँक्रीटमधला कार्बन जवळजवळ सगळा सिमेंटमध्ये असतो. एक किलो साध्या सिमेंटमागे ८०० ते ९०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वाळूच्या एका टनामागे उपसा आणि चाळणी धरून काही किलो. म्हणजे १० टक्के बदल करून घनमीटरमागे ७० किलो वाळू वाचवून तुम्ही एक किलोही कार्बन वाचवला नाही, आणि तूट भरायला ४० किलो सिमेंट जास्त घातले तर तीसेक किलो वाढवला. चुरा दळायला लागलेली वीज आणि वाहतूक अजून धरलेलीच नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. तुम्हाला खरोखर हिरवे घर बांधायचे असेल तर स्लॅबमध्ये फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) किंवा लोखंडाच्या झोतभट्टीच्या मळीची पूड असलेले सिमेंट वापरा. एकट्या त्या निर्णयाने टायरच्या चुऱ्यापेक्षा कितीतरी जास्त साधेल.

मग रबराचा उपयोग कशासाठी? एक, टायरची विल्हेवाट. गंधक घालून रबर तापवले की त्याचे रेणू एकमेकांना कायमचे जखडले जातात, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये सापडले. त्या एका गुणामुळे टायर रस्त्यावर टिकतो आणि त्याच गुणामुळे तो प्लास्टिकसारखा वितळवून पुन्हा वापरता येत नाही. ढीग लागतात, त्यांत पाणी साचते, डास होतात, आणि पेटले तर विझत नाहीत. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात १९८३ मध्ये सुमारे ७० लाख टायरचा ढीग पेटला तो नऊ महिने धुमसत होता. दुसरे, नदीची वाळू, जी बांधकामासाठी उपसली जाते त्या वेगाने पुन्हा तयार होत नाही. आणि तिसरे म्हणजे रबराचे स्वतःचे गुण. स्लॅबची चर्चा करताना आपण त्यांना अवगुण ठरवले, एवढेच.

हे गुण पहिल्यांदा मला दाबयंत्राखाली दिसले. साधा क्यूब फुटताना आवाज करतो, कोपरे उडतात, शेवटी मधे दोन पिरॅमिड उरतात. रबराचा क्यूब कमी भाराला हरतो, पण फुटत नाही. भेगा पडतात, अंग फुगते, यंत्राचा काटा सावकाश उतरतो आणि क्यूब हातात अखंड येतो. माझा सहायक तो क्यूब उचलून म्हणाला होता, साहेब, हा मेला की नाही तेच कळेना. धक्का, आपट, कंपन जिथे येते तिथे हेच हवे असते. पायवाटा, सायकल मार्ग, गाड्यांच्या धडका सोसणारे अडसर, यंत्रांखालचे बैठे ओटे, रुळांखालचे थर, आवाज अडवणाऱ्या भिंती. उष्णताही त्यातून कमी जाते, म्हणून गच्चीवरच्या उताराच्या हलक्या काँक्रीटला ते बरे. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत १९९९ पासून पायवाटा आणि पार्किंगच्या लाद्यांत चुरा घालून बघितला गेला. तापमानाने होणारे प्रसरण-आकुंचन रबराने कमी झाल्याचे तिथल्या चाचण्यांत दिसले. थंड प्रदेशात गोठण्या-वितळण्याला रबराचे कण हवेच्या बुडबुड्यांसारखे, गोठून फुगणाऱ्या पाण्याला जागा देण्याचे काम देतात, ते वेगळेच.

भूकंपाच्या दृष्टीनेही काम झाले आहे. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात भरपूर रबराचे काँक्रीट तंतू घातलेल्या पॉलिमरच्या पट्ट्यांत गुंडाळून खांबांसाठी तपासले. पट्ट्यांनी आवळल्याने ताकद परत मिळाली आणि साध्या काँक्रीटच्या कितीतरी पट विकृती (आकारातला बदल) सोसली गेली. तिथेही रबराला मोकळे सोडलेले नाही, बाहेरून आवळले आहे, हे लक्षात घ्या. घरगुती कामात त्याची नक्कल करायला जाऊ नका.

चुरा विकत घेताना तीन गोष्टी विचारा. कसा दळला? साध्या तापमानाला फाडून दळलेल्या चुऱ्याचे कण खरखरीत, लोंबत्या कडांचे असतात आणि सिमेंटला धरतात. द्रव नायट्रोजनने गोठवून फोडलेला चुरा दिसायला देखणा, काचेसारख्या गुळगुळीत अंगाचा, पण पकडीला कमी. काँक्रीटला पहिलाच घ्या. दुसरे, चाळणी. पाऊण ते चार मिमी असा वाळूसारखा पसरलेला चुरा हवा. सगळे कण एकाच मापाचे असतील तर ग्रेडिंग (लहान-मोठ्या कणांचे मिश्रण) बिघडते. तिसरे, तारा आणि धागे काढलेत का? मूठभर चुऱ्यातून चुंबक फिरवून बघा. कापडाचे धागे गोळे होऊन पाणी पितात, ते नकोतच. तारा मात्र वाईट नाहीत. टायरमधून निघालेली स्वच्छ, बारीक पोलादी तार वेगळी घेऊन काँक्रीटमध्ये तंतू म्हणून घातली तर ती ताणातल्या भेगा धरते, ताकद न घटवता. माझ्या मते टायरमधला काँक्रीटला सर्वांत उपयोगी भाग रबर नसून हीच तार आहे. पण "रबर-काँक्रीट" म्हटल्यावर जसे वाचक वळून बघतात, तसे "तार-काँक्रीट" म्हटल्यावर बघत नाहीत.

साइटवरची गंमत वेगळी. चुरा घातला की माल घट्ट वाटतो, स्लम्प (ओला माल किती पसरतो त्याचे माप) उतरतो, आणि मिक्सरवाल्याचा हात सवयीने पाण्याच्या नळाकडे जातो. तो हात धरा. प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारे रसायन) वापरा. व्हायब्रेटर जेमतेम लावा. एका सुरुवातीच्या कामात आम्ही पायवाटेचा पट्टा नेहमीसारखा घसघशीत व्हायब्रेट केला. दुसऱ्या दिवशी वरचा थर काळपट दिसला. गाभा कापून बघितला तर वरच्या दोन सेंटिमीटरमध्ये चुऱ्याची गर्दी आणि खाली जवळजवळ काहीच नाही. हलके कण तरंगून वर आले होते. पट्टा उखडावा लागला आणि ती चूक सर्वस्वी माझी होती. फिनिशिंगलाही हेच: लोखंडी थापीने घासत बसले की कण उपटून येतात. लाकडी रंध्याने एकदा सपाट करा, मग झाडूचा खरखरीत हात फिरवा, संपले. क्युरिंग (पाणी मारून ओले ठेवणे) मात्र जास्त काळजीने करा, आकुंचन वाढलेले असते.

टायरमधून बाहेर काय झिरपते, हाही प्रश्न रास्त आहे. टायरमध्ये जस्ताचा ऑक्साइड असतो, आणि ओझोनपासून बचावासाठी घातलेले एक रसायन हवेत बदलून जे संयुग तयार होते ते कोहो सामन माशांना घातक असल्याचे २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. काँक्रीटमध्ये कण गाऱ्याने वेढलेला असतो, त्यामुळे मोकळ्या चुऱ्याच्या मानाने झिरपणे खूपच कमी. तरी झिजणारा पृष्ठभाग सरळ ओढ्यात किंवा तळ्यात उतरत असेल तर मी तिथे घालत नाही. तिथे चुरा खालच्या थरात ठेवतो आणि वर दोन-तीन सेंटिमीटर साधा माल घालतो.

आणखी एक अडचण, जिच्याबद्दल उत्साही लोक बोलत नाहीत. साधे काँक्रीट पाडले की फोडून त्याची खडी पुन्हा वापरता येते. रबर मिसळलेले पाडले की त्या खडीत रबर आले, आणि ती नव्या काँक्रीटला कोणी घेणार नाही. म्हणजे एक कचरा संपवताना दुसरा, आणखी न सुटणारा कचरा तयार होऊ शकतो. म्हणून रबर घातलेले भाग मुख्य सांगाड्यापासून वेगळे, सुटे काढता येतील असे ठेवावेत. पेव्हर ब्लॉक आणि पायवाट या कसोटीला उतरतात, स्लॅब उतरत नाही.

तुमच्या आवाराचा हिशेब करू. समजा १०० चौरस मीटर पायवाट आणि अंगण, जाडी १० सेंटिमीटर, म्हणजे १० घनमीटर काँक्रीट. १० टक्के वाळूच्या जागी घनमीटरमागे ३० किलो चुरा, एकूण ३०० किलो. मोटारीच्या एका टायरमधून तारा आणि कापड काढून सहा-सात किलो रबर निघते, तेव्हा ४० ते ५० टायर तुमच्या पायाखाली जातील. आकडा लहान वाटेल, पण सिमेंटचा एकही किलो जास्त न घालता तो साधलेला असेल. पायवाटेला २० मेगापास्कल पुरेसे आहे. तेव्हा २५ मेगापास्कलचे मिश्रण घेऊन त्यात चुरा घातल्यावर जी घट येते ती तिथेच खपून जाते.

आधी नमुन्यापुरता पन्नास किलो चुरा मागवा आणि ०, ५ आणि १० टक्क्यांच्या तीन घाण्या (मिक्सरच्या खेपा) करा. प्रत्येक घाणीची ओली हवा आणि एकक वजन लिहून ठेवा, सात आणि अठ्ठावीस दिवसांसाठी प्रत्येकी तीन क्यूब भरा. शिवाय प्रत्येक घाणीचा एक जादा क्यूब भरून तो न फोडता उभा कापा आणि कण वरपासून खालपर्यंत सारखे पसरले आहेत का ते डोळ्यांनी बघा. कापलेल्या पृष्ठभागाचे फोटो आणि हवेचे आकडे मला पाठवा, पायवाटेला ५ की १० टक्के ते त्यावरून ठरवू.